नागपुरातल्या स्थानिक संस्थांमुळे लोकांचं आयुष्य खरंच बदलतं का?

संस्थांच्या कामातून काही बदलतं, की सगळं वाटपापुरतं आणि फोटोपुरतं असतं, असं तुम्ही विचारलंय. बदलतं. मी नागपूरची आहे आणि घरकाम करणाऱ्या बायकांमध्ये हा बदल मी जवळून बघते आहे.

पांढराबोडी, फुटाळ्याकडच्या कितीतरी जणी सकाळीच धरमपेठ, रामनगरात धुणीभांडी करायला निघतात. संस्कृतच्या प्राध्यापक रूपा कुलकर्णी यांनी १९८० च्या दशकात विदर्भ मोलकरीण संघटनेतून अशा बायकांना एकत्र आणलं. पगारवाढ, ठरलेली सुट्टी, दिवाळीचा बोनस या मागण्या ऐकायला साध्या वाटतात. पण चार दिवस तापाने पडून परत गेल्यावर जिच्या जागी दुसरी बाई दिसते, तिला विचारा सुट्टी म्हणजे काय ते! राज्यभरातल्या संघटनांनी रेटा लावून धरला, तेव्हा कुठे २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला.

तो कायदा वस्तीपर्यंत पोचवणं हे मात्र अजून रोजचं काम आहे. आमच्या भागातल्या एका छोट्या संस्थेत मी रविवारी नोंदणीचे फॉर्म भरून देते. आधारवर माहेरचं नाव, बँकेत सासरचं. शिवाय जिथे काम करते तिथल्या मालकाचं प्रमाणपत्र हवं. "ताई, बाई सहीच नाही करून राहिल्या," हे दर रविवारी ऐकू येतं. सही केली तर आपल्यावर काही तरी येईल, अशी घरमालकांना धास्ती. मग आमची कार्यकर्ती स्वतः त्या घरी जाते, बसून समजावते आणि बहुतेकदा सही घेऊनच येते. नोंदणी झाली तरी नूतनीकरण राहून जातं. ५५ वर्षं पूर्ण झालेल्या नोंदीत कामगारांना १०,००० रुपये सन्मानधन मिळालं, तेव्हा नोंदणी चालू नसलेल्या बायका हळहळत बसल्या. आता त्याच इतरजणींना तारखेची आठवण करून देतात.

सगळ्यात मोठी भीती चोरीच्या आळाची. एकटी बाई पोलीस ठाण्यात नुसती रडते. वस्तीतल्या दहा-बाराजणी सोबत गेल्या, की तिचं म्हणणं लिहून घेतलं जातं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्यानंतर ती बाई कामाच्या घरी कशी ताठ मानेने बोलते तेही.

कमलाताई होस्पेट यांनी १९२१ मध्ये इथेच बाळंतपणाच्या सेवेसाठी मातृ सेवा संघ सुरू केला, विजय बारसे सरांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल खेळवला. दोघांनीही एकच गोष्ट धरली आणि सोडली नाही. हिवाळ्यात ब्लँकेट वाटणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही, थंडी खरी असते. पण वाटणारा माणूस पुन्हा त्या वस्तीत फिरकला नाही, तर पुढचं कोण बघणार?

म्हणून कुठल्याही संस्थेत गेलात तर गेल्या वर्षीच्या लोकांचं पुढे काय झालं, एवढं विचारा. नावानिशी सांगता आलं तर तिथे रविवारचे दोन तास द्या. आमच्याकडे तरी फॉर्म भरायला माणसं कमीच पडतात.