गिरणी कोण लावील?

प्रश्न (केज तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र, थोडक्यात): माझा धाकटा भाऊ 27 वर्षांचा आहे. त्याला बौद्धिक दिव्यांगत्व आहे, प्रमाणपत्र काढलेलं आहे. वडील गेल्या वर्षी वारले. सहा एकराच्या सातबाऱ्यावर आई, दोन भाऊ आणि मी अशी चौघांची नावं लागली. आता थोरला भाऊ म्हणतो, याचं हक्कसोडपत्र करून घेऊ आणि याला लातूरच्या पुढं एका निवासी संस्थेत ठेवू. भावकीचंही तेच, 'त्याला काय कळतंय?' भाऊ गावातल्या पिठाच्या गिरणीवर काम करतो. डब्यांवर नावं नसतात, पण कडीला बांधलेल्या चिंधीवरून, झाकणाच्या पोच्यावरून कुणाचा डबा ते तो ओळखतो. त्याला विचारलं तर म्हणतो, 'म्या न्हाई जात. गिरणी कोण लावील?' आमचं हे लेकरू असं भोळं आहे. मी त्याची कायदेशीर पालक होऊ शकते का?

उत्तर: ताई, होऊ शकता. पण अर्ज करायची घाई करू नका.

तुमच्या भावानं निर्णय सांगितला आहे आणि त्याचं कारणही दिलं आहे. नकार आणि कारण, दोन्ही सहा शब्दांत. कोर्टात साक्षीला उभी राहिलेली शिकलेली माणसंसुद्धा इतकं नेमकं बोलत नाहीत, हे मी रोज बघतो. तुम्ही मात्र त्याचं बोलणं भोळेपणात जमा केलंत आणि त्याला लेकरू म्हणालात. माया कळते. पण 27 वर्षांच्या माणसाला घरचेच लेकरू म्हणत राहिले, की 'त्याला काय कळतंय' म्हणणाऱ्या भावकीचं काम सोपं होतं.

आधी जमिनीचं. जमीन वडिलांची होती आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्यानं चौघांचे हिस्से सारखे. सहा एकरांत त्याचा दीड एकर, म्हणजे 60 गुंठे. याच कायद्याचं कलम 28 सांगतं, की आजार किंवा व्यंग आहे म्हणून कुणाचा वारसाहक्क जात नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 च्या कलम 13 नं मालमत्ता बाळगायचा आणि स्वतःचे पैशाचे व्यवहार स्वतः बघायचा त्याचा हक्क इतरांच्या बरोबरीनं मानला आहे.

आता थोरल्या भावाला एकच विचारा. धाकट्याला कळत नाही, असं तुमचं म्हणणं असेल, तर त्याचा अंगठा घेऊन केलेलं हक्कसोडपत्र टिकेल कसं? भारतीय करार कायद्याच्या कलम 12 प्रमाणे व्यवहार समजून घेऊन आपलं हित-अहित ठरवता येणाऱ्यालाच करार करता येतो. आणि त्याला कळतं असं म्हणायचं असेल, तर तो नाही म्हणतोय, ते ऐका. सही करताना शहाणा आणि नकार देताना अडाणी, असं दोन्ही तोंडांनी बोलता येत नाही. हक्कसोडपत्र नोंदवायला दुय्यम निबंधकासमोर जावं लागतं. तिथं त्यानं 'हा कागद मी केलेला नाही' असं सांगितलं, तर निबंधकाला नोंदणी नाकारावीच लागते. एखादा कागद आधीच करून घेतला असेल, तर तलाठ्याकडे लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. मग फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावांतला बदल, तक्रारी नोंदवहीत जातो, परस्पर मंजूर होत नाही.

संस्थेबद्दल. 2016 च्याच कायद्याचं कलम 5 म्हणतं, की दिव्यांग व्यक्तीला समाजात राहायचा हक्क आहे आणि अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती तिच्यावर करता येत नाही. संस्था वाईटच असते असं मी म्हणत नाही. काही घरांत दुसरा इलाज नसतो, ते मी बघितलंय. पण इथं माणसाला काम आहे, घर आहे, ओळखणारं गाव आहे. त्याला उचलून न्यायचं लक्षण दिसलं, तर कलम 7 प्रमाणे कार्यकारी दंडाधिकाऱ्याला, म्हणजे तुमच्या तहसीलदारांना, लेखी कळवा. प्रत्यक्ष काही घडायची वाट बघायची गरज नाही, शोषण होण्याची शक्यता आहे एवढं कळवणं पुरतं, आणि असं कुणीही कळवू शकतं. वकिलाच्या फीची काळजी करू नका. दिव्यांग व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

आता पालकत्व. वयाची 18 वर्षं झाली की कुणी आपोआप पालक राहत नाही, थोरला भाऊही नाही. राष्ट्रीय न्यास कायदा, 1999 खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे पालक नेमण्याचा अर्ज करता येतो. पण या माणसाला पालकाची गरज आहे का, आणि असेल तर नेमकी कशासाठी, हे समितीला आधी बघावं लागतं. 2016 च्या कायद्यात तर मर्यादित पालकत्वच आहे. तेही ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, त्याच्याशी बोलून आणि त्याच्या इच्छेप्रमाणे. थोरल्या भावानं समितीकडे अर्ज केला, तर धाकट्याला घेऊन तिथं हजर राहा आणि बोलू त्यालाच द्या.

त्याला आज पालक लागत नाही, आधार लागतो. बँकेत कुणी सोबत यावं, कागद सोप्या भाषेत वाचून दाखवावा, विचार करायला दोन दिवस द्यावेत. हे तुम्ही करू शकता. जमिनीच्या व्यवहारात मात्र नको. त्याच सातबाऱ्यावर तुमचाही हिस्सा आहे, आणि हितसंबंध आड येत असतील तर आधार देणाऱ्यानं त्या व्यवहारातून बाजूला व्हावं असं कलम 13 सांगतं. तुमच्या मनात खोट नाही हे मला दिसतं, पण उद्या थोरला भाऊ पहिलं बोट तिथंच ठेवील. जमिनीपुरता विश्वासाचा माणूस भावालाच निवडू द्या. मामा असेल, शाळेतले गुरुजी असतील, गिरणीवाले असतील.

खालच्या ओळी त्याला वाचून दाखवा. घाई न करता, इतर कुणी समोर नसताना.

दादा, जमिनीत तुमचा वाटा आहे. तो तुमचा आहे. कुणी कागदावर अंगठा मागितला, तर लगेच देऊ नका. 'आधी मला वाचून दाखवा' म्हणा. नको असेल तर 'नको' म्हणा. मोठ्या साहेबांसमोर पण 'नको' म्हणता येतं. तुम्हाला गावात राहायचं असेल, तर गावात राहता येतं. गिरणीचं काम तुमचं आहे. तुम्हाला अजून काय पाहिजे, ते ताईला सांगा. ताई तुमच्या शब्दांत लिहून मला पाठवतील.