वस्तरा चकचकीत करून घेऊ नकोस

चि.,
अनेक आशीर्वाद.

फोटो पाहिले. जुन्या बाजारात बरा माल हाती लागलाय. पात्याच्या मागच्या दांड्यावर 'शेफील्ड'सोबत 'इंग्लंड'ही आहे, म्हणजे वस्तरा बहुधा 1891 नंतरचा. बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव हवं असा कायदा अमेरिकेनं केला, तेव्हापासून ही छाप सर्रास दिसू लागली. विकणारा 'दोनशे वर्षांपूर्वीचा' म्हणाला असेल, तर म्हणू दे.

तू विचारतोस, नव्यासारखा कोण करून देईल? मी माझा पहिला वस्तरा असाच एका पॉलिशवाल्याला दिला होता. आरशासारखा होऊन आला. छाप पुसलेली, आणि धारेलगत निळसर पट्टा. चाकावर पातं तापलं आणि पोलादाचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला. नंतर कितीही घासला तरी एका दाढीपुरतीही धार टिकेना. कात्र्यांना धार लावत फिरणाऱ्या सायकलवाल्याकडेही म्हणूनच नको.

वस्तऱ्याची गंमत त्याच्या पाठीत आहे. दगडावर पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकवून घासायची. धारेचा कोन पाठीच्या जाडीवरच ठरतो. गंज काढताना कुणी पाठ झिजवली की तो कोन बिघडलाच. तेव्हा काम देताना स्पष्ट सांग: मशीन लावायचं नाही, छापेला हात नाही, आधी फक्त धार. 1000 नंबरच्या दगडावर धार बसवायची, मग 4000, 8000 (नंबर मोठा तितका दगड बारीक), शेवटी चामड्याचा पट्टा. तांबडा गंज तेल आणि बारीक पॉलिश पेपरनं हातानं निघतो. काळे डाग राहिले तर राहू देत, दाढीला ते आड येत नाहीत.

पैसे घालण्याआधी मात्र भिंग घे. पात्याच्या पोटावरचे खड्डे चालतील. धारेवरच खड्डा असेल, तर तो जाईपर्यंत पातं झिजवावं लागेल. आणि बारीकशी जरी चीर दिसली, तरी वस्तरा शोभेला ठेव.

मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची वाटते. कापराचा उग्र वास येतोय का? मूठ ठिसूळ झालीय का? तसं असेल तर ती सडतेय. तिच्या वाफांनी पातं गंजतं, शेजारी ठेवलेली दुसरी पातीसुद्धा. तो वेगळा ठेव, आणि इथे मात्र मूठ बदलायला काटकसर करू नकोस.

धारेचा जवळून एक फोटो पाठव. तोवर कुणाला आगाऊ पैसे देऊ नकोस.

तुझा,
काका