सॉकेटमधून अर्धाच मजकूर का येतो?

प्रश्न : मी संगणक अभियांत्रिकीच्या पदविकेची विद्यार्थिनी असून पायथनमध्ये सॉकेट (नेटवर्कवरून दुसऱ्या प्रोग्रॅमशी जोडणी करण्याचे साधन) वापरून एक छोटा क्लायंट लिहिला आहे. शब्द पाठवला की सर्व्हर त्याचा मराठीतला अर्थ, म्हणजे साधारण हजार चिन्हांची एकच ओळ, शेवटी न्यूलाइन (ओळ संपल्याची खूण) लावून परत पाठवतो. सर्व्हर माझ्याच संगणकावर असला की सारे सुरळीत चालते. प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या संगणकावर असला, की उत्तर कधी अर्धेच येते, तर कधी ‘युनिकोड डिकोड एरर’ येऊन प्रोग्रॅम बंद पडतो. आलेले बाइट वाचणाऱ्या रिसीव्ह या फंक्शनची मर्यादा ४०९६ बाइट ठेवली आहे. मैत्रिणीच्या सल्ल्याने त्याआधी एक सेकंदाचा स्लीप (थांबा) टाकल्यावर बहुतेक वेळा काम होते. हा उपाय योग्य आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. स्लीपमुळे दोष फक्त झाकला जातो, आणि नेटवर्क मंदावले की तो पुन्हा डोके वर काढेल. तुमची जोडणी ज्या नेटवर्क-नियमांवर चालते, त्या टीसीपीला तुमचा ‘संदेश’ ठाऊकच नसतो. तो बाइटचा एक सलग प्रवाह क्रम न बिघडवता पोहोचवतो, एवढेच. रिसीव्हला दिलेला ४०९६ हा आकडा कमाल मर्यादा सांगतो. तेवढे बाइट येईपर्यंत थांबावे, असा त्याचा अर्थ होत नाही. त्या क्षणी जे हाती आले असेल, ते देऊन रिसीव्ह मोकळा होतो.

देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत मांडण्याच्या पद्धतीत ३ बाइट घेते. म्हणजे तुमचे उत्तर ३००० बाइटच्या आसपास जाते. लिनक्सवर संगणकाच्या स्वतःशीच होणाऱ्या जोडणीत एका पाकिटाची मर्यादा ६५,५३६ बाइट असल्याने ते बहुधा एका दमात येते. इथरनेटवर मात्र ही मर्यादा सामान्यतः १५०० असते व शीर्षके वजा जाता मजकुराला जास्तीत जास्त १४६० बाइट उरतात, त्यामुळे उत्तराचे तुकडे होतात. एखादा तुकडा चिन्हाच्या मधोमध तुटला आणि तुम्ही तो लगेच डिकोड केला, म्हणजे बाइटांची पुन्हा अक्षरे करू पाहिली, की ती एरर येते. इंग्रजी मजकुरात एका अक्षराला एकच बाइट लागत असल्याने पाठ्यपुस्तकांतल्या उदाहरणांत हे कधी दिसतच नाही.

तेव्हा आलेले बाइट एका बफरमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठवत राहा, न्यूलाइनचा बाइट दिसेपर्यंत रिसीव्ह लूपमध्ये चालवा आणि ओळ पूर्ण झाल्यावरच डिकोड करा. यूटीएफ-८मध्ये देवनागरी चिन्हाच्या तिन्ही बाइटांची किंमत १२८ किंवा त्याहून अधिक असते आणि न्यूलाइनची १०, त्यामुळे कच्च्या बाइटांत न्यूलाइन शोधण्यात धोका नाही. रिसीव्हने रिकामे उत्तर दिले, तर समोरच्याने जोडणी बंद केली असे समजावे, आणि न्यूलाइन येण्याआधीच तसे घडले, तर अर्धवट मजकूर न वापरता चूक नोंदवावी. हा लूप टाळायचा असल्यास सॉकेट फाइलसारखे वापरू देणारे मेकफाइल व पूर्ण ओळ वाचणारे रीडलाइन ही जोडी आहेच. पण शिकताना एकदा तरी तो स्वतः लिहावा, असे मला वाटते. पाठवतानाही सेंडऐवजी सेंडऑल वापरा, कारण सेंड दिलेल्यापैकी काहीच बाइट पाठवून परतू शकतो.

सुधारलेला प्रोग्रॅम तपासायला प्रयोगशाळेत जाण्याचीही गरज नाही. स्वतःच्याच संगणकावर रिसीव्हची मर्यादा १ बाइट करून पाहा. तरीही संपूर्ण ओळ नीट छापली गेली, तर तुमचा लूप बरोबर आहे.