औषधी फुलांच्या अर्कांमध्ये अँटिऑक्सिडंट आणि दाहशामक गुण खरोखर असतात का?

होय, असतात, मात्र परीक्षानळीतील गुण आणि शरीरातील परिणाम यांत फरक करायला हवा. जास्वंदीतील अँथोसायनिन किंवा कॅमोमाइलमधील एपिजेनिन यांसारखी फ्लेव्होनॉइड वर्गातील संयुगे हायड्रोजन अणू देऊन मुक्त मूलकांना (पेशींना इजा करू शकणाऱ्या अस्थिर रेणूंना) निष्प्रभ करतात, आणि म्हणूनच डीपीपीएच चाचणीतील (डीपीपीएच हे स्वतःच एक मुक्त मूलक) जांभळे द्रावण पिवळे पडत जाते, ज्याची मोजणी ५१७ नॅनोमीटर तरंगलांबीवर करतात. पेशींवरील प्रयोगांत एपिजेनिनमुळे दाहाशी संबंधित कॉक्स-२ या विकराची (एन्झाइमची) निर्मितीही घटते. अर्क पाण्यात काढला की अल्कोहोलमध्ये, यावर त्यातील घटक बरेच बदलतात, आणि नेमक्या याच बाबीकडे फार दुर्लक्ष होते असे मला वाटते. पोटात गेल्यावर यांतील बरीच संयुगे अल्प प्रमाणात शोषली जातात व यकृतात त्यांचे रूप पालटते. त्यामुळे केवळ चाचणीतील आकडा पाहून चालू औषध बंद करणे धोक्याचे आहे.