आधी जमीन सापडली पाहिजे

लेसरने जंगल मोजण्याच्या तंत्राबद्दल, म्हणजे लायडारबद्दल, आलेल्या पत्रांतले चार प्रश्न.

जंगल दाट असेल तर लेसर पानांवरच अडत नाही का?

बराचसा अडतोच, आणि ते हवंच असतं. कुठल्या उंचीवर किती अडला, यावरूनच जंगलाचे मजले कळतात. वरून सोडलेला प्रकाश परतायला किती वेळ लागला, ते मोजायचं. प्रकाश एका नॅनोसेकंदात (सेकंदाच्या अब्जाव्या भागात) 30 सेंटीमीटर जातो. जाणं-येणं धरलं की प्रत्येक नॅनोसेकंदाला 15 सेंटीमीटर उंची. आधी शेंडे, मग मधल्या फांद्या, खालची झुडपं, आणि फटींतून निसटलेला थोडा प्रकाश थेट जमिनीवरून परततो. परतलेल्या प्रकाशाच्या आलेखात वर पसरट फुगवटा दिसतो, तळाशी टोकदार सुळका. तो सुळका म्हणजे जमीन. तोच हरवला तर उंची मोजणार कुठून?

बोर्निओतलं शंभर मीटरचं झाड लायडारनेच सापडलं, हे खरं का?

खरं. मलेशियातल्या सबा राज्यात, दानुम खोऱ्यात. विमानातून घेतलेल्या नोंदी तपासताना 2018 मध्ये ते लक्षात आलं. जात यलो मेरांती, नाव मेनारा (आपल्या 'मनोरा'चंच भावंड). जानेवारी 2019 मध्ये झाडांवर चढणारे उन्डिंग जामी टेप घेऊन शेंड्यापर्यंत चढले, तेव्हा 100.8 मीटर हा आकडा पक्का झाला. तोही उतारावरच्या बुंध्याच्या सर्वांत खालच्या बाजूपासून. म्हणजे इथेही जमीन कुठली धरायची हा प्रश्न आलाच.

आमचं कोयनेचं जंगल अवकाशातून मोजलं जातं का?

जातं, पण ठिपक्याठिपक्यांनी. डिसेंबर 2018 मध्ये अवकाश स्थानकाकडे रवाना झालेलं नासाचं 'जेडी' उपकरण लेसरने जमिनीवरचे 25 मीटर व्यासाचे ठिपके टिपतं. एका रांगेतले ठिपके 60 मीटरवर, दोन रांगांत सुमारे 600 मीटर अंतर. सलग नकाशा नाहीच. त्यात सह्याद्रीचा उतार. तीस अंशांच्या कड्याला एकाच ठिपक्यात जमीन चौदा मीटर खाली-वर होते. मग तो सुळका पसरतो आणि करवंदीच्या जाळीत मिसळून जातो. पावसाळ्यात तर ढगच लेसर अडवतात. म्हणून तिथल्या एकट्या ठिपक्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही, अनेकांची सरासरी बघतो.

लायडारवरून झाडाची जात आणि कार्बन कळतो का?

जात कळत नाही. लाकडात साठलेल्या कार्बनचा अंदाज बांधता येतो, पण सारख्याच उंचीची पोचट सावर आणि जडशीळ ऐन लेसरला जवळपास सारखेच. लाकडाचं वजन हवं तर जंगलात उतरून जात ओळखा, बुंध्याला टेप लावा.