विंडोजवर चालतं, लिनक्सवर मरतं, बोर्डावर अडकतं: सॉकेटच्या लेअरबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार ताई, मी वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत आहे. कारखान्यातल्या वीज मीटरचं रीडिंग आरएस-४८५ केबलवरून गोळा करून सर्व्हरला पाठवणारा डबा आम्ही बनवतो. सी मधला एकच कोड तीन ठिकाणी चालवायचाय, जुन्या डब्यात लिनक्स आहे, ऑफिसातलं टेस्टिंग टूल विंडोजवर आहे आणि आता स्वस्तातला नवीन डबा मायक्रोकंट्रोलरवर येतोय, त्यात एलडब्ल्यूआयपी, म्हणजे छोट्या बोर्डांसाठीचं नेटवर्किंग सॉफ्टवेअर. साहेब म्हणाले सगळे हॅश-इफडेफ (कोणत्या सिस्टिमवर कोणता कोड घ्यायचा हे ठरवणाऱ्या ओळी) एका जागी आण, म्हणून मी लेअर लिहिला, म्हणजे तिन्हींमधले फरक झाकणारा मधला थर. सॉकेट (प्रोग्रॅमचं नेटवर्कशी बोलायचं दार), बाइंड, कनेक्ट, सेंड, रिसीव्ह, कोणता सॉकेट तयार आहे ते बघणारं सिलेक्ट धरून ३१ फंक्शनं झाली, प्रत्येकाच्या नावापुढे आमचं प्रिफिक्स. तिन्हीकडे कंपाइल होतं. पण विंडोजवर नीट चालणारा कोड लिनक्सवर मधेच मरतो, लॉगमध्ये काहीच नसतं, आणि बोर्डावर तर रिसीव्हमध्ये अडकून बसतो, टाइमआउट ५ सेकंद दिलाय तरी. अजून कोणती फंक्शनं झाकायची राहिली?
– एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर: झाकायचं काही राहिलं नाहीये, उलट जरा जास्तच झाकलंय. तुम्ही ३१ फंक्शनांची नावं बदललीत, पण आत प्रत्येक जण आपापल्या पद्धतीनेच वागतोय, आणि तुमचा वरचा कोड मात्र तिघं सारखेच वागतील असं धरून चाललाय. घोळ तिथे आहे.

हे सॉकेट १९८३ मध्ये ४.२बीएसडी या युनिक्सबरोबर आले, विंडोजवाल्यांनी नव्वदीच्या सुरुवातीला विनसॉक हे त्यांचं सॉकेट सॉफ्टवेअर आणताना तीच नावं घेतली, एलडब्ल्यूआयपीनेही वर तोच चेहरा ठेवला. नावं वेगळी असती तर आपण कागदपत्रं नीट वाचली असती हो. सेम दिसतात म्हणून कोणी वाचत नाही.

आता तुमचा ५ सेकंदांचा टाइमआउटच घ्या. लिनक्सवर रिसीव्ह टाइमआउट टाइमव्हॅल नावाच्या स्ट्रक्टमध्ये द्यावा लागतो, सेकंद वेगळे, मायक्रोसेकंद वेगळे. विंडोजला तोच ऑप्शन साध्या आकड्यात, मिलिसेकंदांत हवा असतो. तुम्ही विंडोजलाही टाइमव्हॅलच पाठवत असाल तर ते पहिले चार बाइट वाचतं, तिथे ५ असतो, आणि तुमचे ५ सेकंद ५ मिलिसेकंद होतात. ऑफिसातल्या लॅनवर उत्तर तेवढ्यातही येत असेल म्हणून टूल 'नीट चालतं'. आणि एलडब्ल्यूआयपीमध्ये तर रिसीव्ह टाइमआउटची सोय मुळात बंदच असते, कॉन्फिग फाइलमध्ये चालू करावी लागते, नाही केली तर सेटसॉकऑप्ट, म्हणजे ऑप्शन लावणारं फंक्शन, एरर देतं. ती एरर तुम्ही तपासताय का? मला वाटतं नाही, कारण मग बोर्ड अडकून बसला नसता, तो पहिल्याच दिवशी बोंबलला असता. टाइमआउट लागलाच नाही, समोरचा राउटर बंद झाला, टीसीपीला पाठवायला काही नाही त्यामुळे लाइन मेली हे कळायला मार्ग नाही, रिसीव्ह बसलंय वाट बघत. लिनक्सवर कीपअलाइव्ह (लाइन जिवंत आहे का हे मधूनमधून विचारणं) चालू केलं तरी पहिला प्रोब डीफॉल्टने ७२०० सेकंदांनी, म्हणजे दोन तासांनी जातो, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका.

लिनक्सवरचं मरण मी स्वतः भोगलंय. आम्ही महापे एमआयडीसीत एका शेडमध्ये डबे लावले होते, आणि तीन दिवस एक प्रोसेस रात्रीतून गायब होत होती. कोअर फाइल (मेलेल्या प्रोसेसच्या मेमरीची नक्कल) नाही, लॉगची शेवटची ओळ अगदी साधी. आम्ही मेमरी शोधत बसलो, पॉवर सप्लाय बदलला, कोणी म्हणालं शेडमधल्या वेल्डिंगमुळे असेल. रीस्टार्ट करणारी शेल स्क्रिप्ट प्रत्येक वेळी एक आकडा फाइलमध्ये लिहीत होती, १४१, तो कोणी बघितलाच नव्हता. संध्याकाळी कोपरखैरण्याहून ठाणे लोकल पकडली, उभी राहून तीच फाइल मोबाइलवर बघत होते आणि ऐरोलीच्या आसपास डोक्यात आलं की सिग्नलने मेलेल्या प्रोसेसचा आकडा शेल १२८ मिळवून सांगतं. १४१ मधून १२८ गेले, उरले १३. सिगपाइप, तुटलेल्या कनेक्शनवर लिहिल्याचा सिग्नल. समोरच्या सर्व्हरने कनेक्शन बंद केलेलं, आमचं पहिलं सेंड गेलं, त्याला तिकडून रीसेट आला, आणि दुसऱ्या सेंडला कर्नलने एरर न देता सिग्नल दिला, ज्याचा डीफॉल्ट अर्थच मरणं आहे. विंडोजवर हा सिग्नल नाही, तिथे नुसती एरर येते. तुमचंही हेच असणार असं मला जवळजवळ खात्रीने वाटतंय. लिनक्सवर प्रत्येक सेंडला नोसिग्नलचा फ्लॅग द्या, आणि हो, मॅकवर कोणी बिल्ड करणार असेल तर तिथे तो सॉकेट ऑप्शन म्हणून एकदाच लावायचा असतो. पण हे सगळं लेअरच्या आत. वरच्या कोडला फक्त 'तुटलं' एवढंच कळायला हवं.

म्हणजे लेअर नावांचा नको, वागण्याचा हवा. कागद घ्या आणि खालून वर नको, वरून खाली लिहा. तुमच्या डब्याला बाइंड कशाला हवंय? त्याला हवंय काय तर या नावाच्या सर्व्हरला अमुक वेळेत जोड, हे ६०० बाइट अमुक वेळेत पूर्ण पाठव, आलेलं वाच, बंद कर. चार-पाच फंक्शनांत संपलं. हेडर फाइलमध्ये विनसॉकचं किंवा लिनक्सच्या सिस-सॉकेटचं एकही हेडर येऊ देऊ नका, स्ट्रक्टचं फक्त नाव जाहीर करा, आतलं पोट सी फाइलमध्ये. याचं कारण अगदी व्यवहारातलं आहे. लिनक्सवर सॉकेट म्हणजे इंट आणि चूक म्हणजे उणे एक, विंडोजवर तो अनसाइन्ड आहे, त्यामुळे तिथे 'शून्यापेक्षा कमी आहे का' हा इफ कधीच खरा होत नाही. हँडल बाहेर दिसलं की कोणीतरी तो इफ लिहिणारच.

मग एरर. एरनो (लिनक्सचा एररचा आकडा) आणि विनसॉकचे आकडे जसेच्या तसे वर पाठवू नका, तुमचा स्वतःचा छोटा इनम (नावांची यादी) करा: ठीक, थांब, समोरून बंद, वेळ संपली, तुटलं, चुकीचा वापर. सहा पुरतात. मूळ आकडा लॉगसाठी वेगळा ठेवा, फेकू नका, साइटवरून फोन येतो तेव्हा तोच कामाला येतो. आणि किती बाइट गेले हे रिटर्न व्हॅल्यूत कोंबू नका, वेगळ्या पॉइंटरने द्या. रिसीव्हचा शून्य टीसीपीत 'समोरच्याने बंद केलं' असतो पण यूडीपीत शून्य बाइटचं पॅकेट अगदी कायदेशीर आहे, एका आकड्यावर दोन अर्थ लादले की भांडण ठरलेलं. नॉनब्लॉकिंग, म्हणजे वाट न बघता परत येणाऱ्या, कनेक्टचंही असंच, लिनक्स 'चालू आहे' म्हणतो, विंडोज 'आत्ता जमत नाही' म्हणतं, आणि नंतर कनेक्ट फसलं तर लिनक्सवर सॉकेट लिहिण्यालायक दिसतो, मग त्याला खरी एरर विचारायची असते, तर विंडोजच्या सिलेक्टमध्ये ते एक्सेप्शनच्या सेटमध्ये येतं. तिथे न बघणारा कोड टाइमआउट होईपर्यंत बसून राहतो. हे सगळं आत गिळून वर एकच शब्द द्यायचा. खरं काम ते आहे.

टाइमआउटऐवजी डेडलाइन घ्या, यावर मी हट्ट धरेन. समजा ४०९६ बाइट पाठवायचेत, सेंडने २८९६ घेतले, उरलेले १२०० परत पाठवायचे, हा लूप तुम्ही लिहिलाच असेल. प्रत्येक फेरीला नवे ५ सेकंद दिले तर समोरचा दर चार सेकंदांनी थोडं थोडं घेत राहील आणि तुमचं '५ सेकंदांचं' सेंड अर्धा तास चालेल, तरी एकदाही टाइमआउट नाही. म्हणून सुरुवातीला शेवटची वेळ ठरवायची आणि प्रत्येक फेरीत उरलेला वेळच द्यायचा. त्यासाठी घड्याळ मोनोटॉनिकच, म्हणजे मधेच उडी न मारणारं, हवं. बॅटरी नसलेला बोर्ड चालू होताना १ जानेवारी १९७० मध्ये असतो आणि वेळ सिंक झाली की एकदम पन्नासहून जास्त वर्षं पुढे उडी मारतो, भिंतीवरच्या घड्याळाने मोजलेल्या सगळ्या डेडलाइन त्या क्षणी संपतात.

पत्त्याबद्दल थोडक्यात. सॉकअॅडर-इन हा पत्त्याचा स्ट्रक्ट १६ बाइटचा आणि फक्त आयपीव्ही४ चा आहे, मोबाइल सिमवर आयपीव्ही६ भेटणारच, तेव्हा वरच्या कोडकडून नाव आणि पोर्ट घ्या, आत नावावरून पत्ते शोधणारं गेटअॅडरइन्फो वापरून जेवढे पत्ते येतील तेवढे एकेक करून बघा. गेटअॅडरइन्फो मात्र ब्लॉक होतं आणि त्याला वेळेची मर्यादा देता येत नाही, एकतर वेगळ्या थ्रेडमध्ये टाका किंवा 'जोडण्याच्या डेडलाइनमध्ये डीएनएस धरलेलं नाही' असं हेडरमध्ये सरळ लिहा. न पाळलेलं वचन लिहून ठेवण्यापेक्षा ते बरं.

आज ना उद्या टीएलएस (कनेक्शनचं एन्क्रिप्शन) येणार, त्यामुळे स्ट्रक्टच्या आत फंक्शन पॉइंटरांचा छोटा टेबल ठेवा: वाच, लिही, बंद कर, थांबून बघ. साधा टीसीपी हा एक टेबल, टीएलएस दुसरा. 'थांब' सांगताना कशासाठी थांब, वाचायला की लिहायला, हेही सांगा, कारण टीएलएसमध्ये लिहायला गेलात तरी आधी वाचावं लागू शकतं. आणि डेटा टीएलएसच्या बफरमध्ये आधीच येऊन पडलेला असतो, खाली पोल (सिलेक्टसारखंच, सॉकेट तयार आहे का बघणारं फंक्शन) म्हणतो काही नाही, म्हणून 'थांबून बघ' हे टेबलातच हवं, वरच्या कोडने परस्पर पोल करायचा नाही.

आणि याच टेबलाचा तिसरा उपयोग मला सगळ्यात प्रिय आहे. एक खोटं बॅकएंड लिहा, ज्यात नेटवर्कच नाही. त्याचं सेंड एका वेळी एकच बाइट घेईल, दर तिसऱ्या कॉलला 'थांब' म्हणेल, अकराव्याला 'तुटलं'. तुमचा अख्खा वरचा कोड त्याच्यावर चालवा. शंभर ओळींत होतं, आणि साइटवर पावसाळ्यात सापडणाऱ्या चुका टेबलावर चहा पिताना सापडतात. लिनक्सवर नंतर टीसी या टूलच्या नेटएमने, म्हणजे मुद्दाम नेटवर्क बिघडवणाऱ्या सोयीने, २०० मिलिसेकंद उशीर आणि १० टक्के लॉस लावूनही बघा, पण आधी हे.

बोर्डावर अजून एक बघा, एलडब्ल्यूआयपीत एकावेळी उघडता येणारी कनेक्शनं डीफॉल्टने ४ च असतात. कनेक्ट फसल्यावर एरर घेऊन परत फिरताना सॉकेट बंद करायचा राहत असेल तर पाचव्या प्रयत्नाला सॉकेटच मिळणार नाही. लिनक्सवर ही गळती महिनोन्महिने कळत नाही.

प्रश्न: ताई, मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टमध्ये चॅट सर्व्हर करतेय. एवढं सगळं स्वतः लिहिण्यापेक्षा लिबयूव्ही ही तयार लायब्ररी घेतली तर चालेल ना? आणि सिलेक्ट वापरू की पोल?
– एक विद्यार्थिनी, घणसोली

उत्तर: चालेल काय, तुझ्यासाठी तेच बरोबर आहे. लिबयूव्ही नोडजेएससाठी २०११ च्या सुमारास बनलं, लिनक्सवर आत इपोल, मॅकवर केक्यू, विंडोजवर आयओसीपी, म्हणजे त्या त्या सिस्टिमची सॉकेटवर लक्ष ठेवायची सोय वापरतं, तुझा लॅपटॉप आणि कॉलेजचा सर्व्हर दोन्ही त्यात बसतात. वरच्या दादांच्या बोर्डावर ते बसणार नाही म्हणून त्यांना वेगळं सांगितलं. फक्त त्यात सगळं कॉलबॅकने (काम झालं की तुझं फंक्शन बोलावून) चालतं, पहिले दोन दिवस डोकं फिरेल, थांबू नकोस.

स्वतःचं काही लिहिलंसच तर पोल घे. सिलेक्टमध्ये लिनक्सवर १०२४ ही मर्यादा किती सॉकेट यावर नसून त्यांच्या नंबरवर आहे, १०२४ किंवा त्याहून मोठ्या नंबरचा सॉकेट सेटमध्ये टाकलास तर सेटच्या बाहेरच्या मेमरीत लिहिलं जातं, एररसुद्धा येत नाही. विंडोजवर उलट, तिथे मोजणी असते आणि डीफॉल्ट ६४.

चॅट आहे म्हणून अजून एक. एका सेंडमध्ये पाठवलेला मेसेज एकाच रिसीव्हमध्ये येईल असं धरू नकोस, टीसीपी बाइटची धार आहे, त्यात मेसेज नसतो. प्रत्येक मेसेजच्या आधी त्याची लांबी चार बाइटमध्ये पाठव, नेटवर्क बाइट ऑर्डरमध्ये (मोठा बाइट आधी), आणि ते चार बाइटसुद्धा दोन तुकड्यांत येऊ शकतात हे धरून वाच.