वलंदेजांचा वल्ह्याशी काही संबंध नाही

प्रश्न असा आला आहे: वेंगुर्ल्याच्या पडक्या वखारीला सगळे 'डच वखार' म्हणतात, जुन्या मराठी कागदांत मात्र तिथले व्यापारी 'वलंदेज'. फुटबॉलच्या दिवसांत तोच देश हॉलंड होतो आणि बातम्यांत नेदरलँड्स. एकाच देशाला इतकी नावं कशी? वल्ही मारत आले म्हणून वलंदेज, असं एका गाइडनं सांगितलं, ते खरं का? आणि आज लिहिताना यातलं कुठलं नाव वापरावं?

आधी वल्ह्यांचा निकाल लावू. युरोपातून केपला, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, वळसा घालून कोकणात वल्ही मारत कोण येतो? शिडाची जहाजं होती ती. फिरलेल्या रंगाचा तो फिरंगी, हीसुद्धा याच टाकसाळीतली व्युत्पत्ती. मराठीत जुळणारा शब्द सापडला की मूळ सापडलं, असं समजणाऱ्यांना आवरायचं कसं, देव जाणे. त्याहून कानाला खुपतं ते 'डच, वलंदेज, फ्रेंच अशा अनेक सत्ता कोकणात आल्या' हे वाक्य. अहो, डच आणि वलंदेज एकच! सासऱ्याची आणि बायकोच्या वडिलांची वेगवेगळी पंगत मांडण्यातला हा प्रकार आहे.

नेदरलँड्स म्हणजे सखल मुलूख, हे नाव सगळ्या देशाचं. हॉलंड हा त्यातला एक प्रांत, १८४०पासून उत्तर आणि दक्षिण असे दोन. २०२०च्या सुरुवातीला तिथल्या सरकारनं जाहिरातींतून 'हॉलंड' काढलं, तर आपल्याकडे 'हॉलंडनं नाव बदललं' अशी आवई उठली. नाव बदललं नाही, कारण देशाचं नाव हॉलंड नव्हतंच. अपवाद १८०६ ते १८१० एवढाच, नेपोलियननं आपल्या लुई नावाच्या भावाला तिथं राजा करून बसवलं होतं तेव्हाचा.

'डच' हे इंग्रजांनी ठेवलेलं नाव. ते लोक स्वतःला 'नेदरलांडर' म्हणवतात. 'डच' आणि जर्मनांचं 'डॉइच' हे सख्खे भाऊ, मूळ अर्थ 'लोकांचं', म्हणजे लॅटिन नव्हे ती जनभाषा. पूर्वी इंग्रज सगळ्याच जर्मनभाषकांना डच म्हणत, पुढे शेजारच्या दर्यावर्द्यांशी व्यापारात आणि युद्धात गाठ पडली आणि नाव त्यांनाच चिकटलं. अमेरिकेतले 'पेनसिल्व्हेनिया डच' आजही मुळचे जर्मन आहेत. असा हा गोंधळलेला शब्द आपण शाळेच्या पुस्तकांतून मुकाट्यानं घेतला आणि नेमका शब्द टाकून दिला.

नेमका कसा, ते पाहा. या लोकांची ईस्ट इंडिया कंपनी १६०२ची. तिच्या सहा शाखा होत्या, त्यांतल्या पाच हॉलंड प्रांतात. सर्वोच्च मंडळातल्या सतरा जागांपैकी आठ एकट्या ॲमस्टरडॅमच्या. म्हणजे सुरतेत १६१६ला आणि वेंगुर्ल्यात १६३७ला येऊन बसलेल्या कंपनीला 'हॉलंडवाले' म्हणणं अगदी रास्त होतं. वलंदेज म्हणजे तेच, हॉलंडवाले.

आता हॉलंडचं 'वलंद' कसं झालं? ही नावं आपल्याला पोर्तुगिजांच्या तोंडून मिळाली. ते १४९८ला कालिकतला आले, १५१०ला गोव्यात बसले, आणि मागून येणाऱ्या प्रत्येक टोपीकराची, म्हणजे युरोपीयाची, ओळख इथल्या लोकांना त्यांच्याच शब्दांत झाली. पोर्तुगीज 'ह' लिहितो, बोलत नाही, म्हणून हॉलंडवाला त्यांच्या तोंडी 'ओलांदेश'. पुढचं काम मराठी जिभेनं केलं. ओळखीची वळख, ओझ्याचं वझं, ओढ्याचा वढा करणारी जीभ ओलांदचं वलंद करणारच. बंगाली जिभेला ही खोड नाही, म्हणून बंगालीत ते 'ओलंदाज'च राहिले.

राहिला शेवटचा 'ज'. इथं माझं स्वतःचं एक मत आहे आणि ते मी सोडणार नाही. पोर्तुगीजमध्ये दोन स्वरांच्या मधला 'स' हा 'झ' होतो, म्हणून अनेकवचन 'ओलांदेझिश' आणि 'इंग्लेझिश'. परदेशी व्यापारी वखारीत सुटासुटा येत नाही, टोळीनं येतो. आपल्या कानावर अनेकवचनच जास्त पडलं, आणि त्यातला 'झ' वलंदेजात व इंग्रजात 'ज' होऊन बसला. 'इंग्रज'मधला 'र' आपण घातला, असं बरेच जण लिहितात. मला ते पटत नाही. जोडाक्षरातल्या 'ल'चा 'र' करण्याची सवय पोर्तुगिजांची आहे. स्पॅनिशमधलं पांढरं ते 'ब्लांको', पोर्तुगीजमध्ये 'ब्रांको'. स्पॅनिश चर्च 'इग्लेसिया', पोर्तुगीज चर्च 'इग्रेजा'. ज्या खलाशाच्या तोंडात चर्चचं इग्रेजा होतं, त्याच्याच तोंडात इंग्लेशचं इंग्रेश झालं असणार. आपल्या जिभेवर आळ कशाला? 'प्लेग' आपण नीट म्हणतोच की.

वलंदेज शब्द फ्रेंच 'ऑलांदेझ'वरून आला, असं म्हणणारेही अभ्यासक आहेत. त्यांनी एकदा सनावळी उघडावी. फ्रेंचांची सुरतेची वखार १६६८ची. तोवर हे लोक सुरतेत अर्धशतक आणि वेंगुर्ल्यात तीस वर्षं काय बिननावाचे वावरत होते? गंमत म्हणजे ती फ्रेंच वखार घालणारा फ्रांस्वा कारों आधी याच वलंदेजांचा नोकर होता आणि जपानात त्यांच्या वखारीचा मुख्य झाला होता. म्हणजे एकच गडी, आधी वलंदेज, मग फरासीस.

जपानचं नाव निघालंच आहे तर खरी मौज तिथं आहे. जपानी लोक या देशाला 'ओरांदा' म्हणत. तोच पोर्तुगीज ओलांद, फक्त त्यांच्याकडे 'ल' नाही. १६३९ला जपाननं पोर्तुगिजांना देशाबाहेर काढलं, आणि १६४१पासून वलंदेजांना नागासाकीसमोरच्या देजिमा या छोट्या बेटावर कोंडून व्यापार करू दिला. पुढची दोनशेहून अधिक वर्षं जपानात राहून व्यापार करणारे युरोपीय ते एवढेच, पण त्यांचं नाव राहिलं ते हाकलून दिलेल्या पोर्तुगिजांनी दिलेलं! त्यांच्याकडून शिकलेल्या पाश्चात्त्य विद्येला जपानी 'रांगाकु' म्हणत, त्यातला 'रान' हा ओरांदाचाच मधला तुकडा. आपला पाव त्यांच्याकडे 'पान', आणि इंग्लंड 'इगिरिसु', तेही पोर्तुगीज 'इंग्लेश'वरून. त्यांच्या नावात 'ज' नाही, 'सु' आहे, असा आक्षेप कुणी घेईल. उत्तर सोपं आहे: जपानात पहिला इंग्रज विल्यम ॲडम्स १६००मध्ये आला, तोही वलंदेजांच्या जहाजावरून आणि एकटाच. त्यांनी एकवचन उचललं.

मलायात हाच शब्द 'बलांदा' झाला. बोर्निओतल्या लांब नाकाच्या, तांबूस माकडाला तिथले लोक 'बलांदा माकड' म्हणतात, यजमानांना पाहुणे कसे दिसत होते याचा हा पुरावा. इंडोनेशियातल्या मकासारचे कोळी समुद्रकाकडी नावाचा सागरी जीव गोळा करायला ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर जात, त्यांच्याबरोबर शब्दही तिकडे उतरला. तिथल्या आर्नहेम लँडमधले योल्ङू लोक आजही कुठल्याही गोऱ्या माणसाला बलांदा म्हणतात. इंग्रजाच्या पणतवालासुद्धा! आणि त्या मुलुखाचं आर्नहेम हे नाव १६२३मध्ये तिथं पोचलेल्या वलंदेजी जहाजाचं. आपला वलंदेज आणि त्यांचा बलांदा, एकाच पोर्तुगीज शब्दाची ही दोन पोरं.

मराठीत या मंडळींची यादी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात एका ओळीत मिळते: फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस, डिंगमार. डिंगमार म्हणजे डेन्मार्कवाले, पोर्तुगीज 'दिनामार्का'. हिंदीतल्या डींग मारण्याशी त्याचा संबंध जोडायला कृपा करून जाऊ नका. फरासीसात मात्र 'ज' नाही, 'स' आहे. माझ्या मते हे नाव पोर्तुगीज वाटेनं आलंच नाही, त्यांचं 'फ्रांसेश' आलं असतं तर आपण 'फ्रांसेज' म्हटलं असतं. आणि यादीतले फिरंगी कोण? पोर्तुगीज. हा शब्द अरबी 'इफ्रंज'वरून, म्हणजे फ्रँक. १०९६पासूनच्या धर्मयुद्धांत अरबांनी सगळ्याच पश्चिमी ख्रिस्त्यांना फ्रँक ठरवलं, फारसीतून तो फिरंगी झाला, आणि पश्चिम किनाऱ्यावर पहिला आलेला पोर्तुगीज त्याचा धनी झाला. ज्या फ्रँकांवरून फ्रान्स हे नाव पडलं, त्या फ्रान्सचे लोक इथं उशिरा पोचले, तोवर त्यांचं नाव दुसऱ्यानं पटकावलेलं. मग त्यांना फरासीस होऊन मागे उभं राहावं लागलं.

कुठलं नाव वापरावं, हे राहिलंच. सतराव्या शतकातल्या सुरतेवर किंवा वेंगुर्ल्यावर लिहीत असाल तर बिनधास्त वलंदेज लिहा, पहिल्यांदा येईल तिथं 'म्हणजे डच' एवढं जोडा आणि पुढे चला. आजच्या देशाला नेदरलँड्स म्हणा. भाषेला आणि माणसांना डच म्हणायला माझी हरकत नाही, तो शब्द आता रुळला आहे. फुटबॉलवाल्यांना हॉलंड म्हणू द्या, तिथले प्रेक्षकही तेच ओरडतात. वखारीचा फलक लिहिणाऱ्यांनी फक्त डच आणि वलंदेज यांच्यामध्ये 'व' घालू नये.